पत्ता माझा, खोकला मालनबाईचा

मालनबाई शहारेला मी तीस वर्षे ओळखते. रोजनिशी लिहायची सवय मला नागपूरच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावली आणि ती आजवर सुटलेली नाही. त्यामुळे या तीस वर्षांत मी मालनबाईवर किती वेळा चिडले हे मोजायचे ठरवले तर मोजता येईल. पण गेल्या डिसेंबरपासून जे झाले ते मात्र एकदा सलग लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला आले तर तोंड न वाजवता वही पुढे करता येईल.

मालनबाई मूळची आसगावची. सतराव्या वर्षी लग्न होऊन भंडाऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत आली. नवरा मंगरू पितळेच्या भांड्यांना झिलई करायचा, आणि घरात सासूसकट सगळ्या बाया विड्या वळायच्या. मालनबाईही वळू लागली. पुढे मी जिथे इंग्रजी शिकवत असे त्या शाळेत ती चपराशी म्हणून लागली, घंटा देता देता निवृत्त झाली. नवरा गेला, सासू गेली. मुलगा अश्वजित एसटीत वाहक आहे. मुलगी रुचिता लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली. तिला दिवस गेले, फेब्रुवारीची तारीख मिळाली, आणि मालनबाईने जाहीर केले की बाळंतपणाला आपण जाणार. तिचा जावई महिन्यातले पंधरा दिवस खाणीवर असतो. तिथे रुचिताच्या उशाशी बसायला दुसरे कोणी नव्हते.

३ डिसेंबर, मंगळवार. बसस्थानकाजवळ पिंटूचे ऑनलाइन अर्ज भरायचे दुकान आहे. मालनबाई, अश्वजित आणि इंग्रजी वाचणारी म्हणून मी, असे तिघे तिच्या व्हिसाचा अर्ज भरायला तिथे बाकावर बसलो. पिंटू पडद्यावरच्या प्रश्नांपुढे पटापट ‘नो’ मारत चालला होता.

“अरे, निदान वाचून तरी दाखव,” मी त्याला सांगितले.

“आजी, ह्या पानावर सगळं नोच असते. मी डोळे मिटून मारतो. गुन्हा केला का? नो. टीबी झाला होता का? नो.”

“थांब,” मी म्हटले.

बाकाखाली मालनबाईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी जागच्या जागी उडाले.

“काय झालं, मॅडम?” अश्वजितने विचारले. तो गणवेशातच आला होता. “लवकर करा ना, माझी साकोलीची गाडी आहे.”

मी मालनबाईकडे पाहिले. ती पिंटूच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होती. चाळीस वर्षे मी मुलींना खरे बोलायला शिकवले, त्या दिवशी मी म्हणाले, “चष्मा घरी राहिला. उद्या येऊ.” चष्मा माझ्या नाकावर होता. पिंटूने तो पाहिला आणि बिचाऱ्याने अर्ज बंद केला.

घरी आल्यावर मी दार लावून घेतले.

“मालन, तू डोक्यावर पडली आहेस का?”

“मी काय केली? पोट्टा भरून राहिला होता चांगला. तुमीच मधात तोंड घातलं.”

“खोटं भरत होता तो.”

“सबच भरतेत. तीस वर्सांनी कोन पाहते?”

“एक्स-रेमध्ये डाग दिसतो. ‘छातीच्या फोटोत कधी काही निघालं होतं का,’ हासुद्धा वेगळा प्रश्न आहे खाली. आणि खोटं सापडलं तर तीन वर्षं दार बंद. तोवर नातवंड शाळेत जाईल.”

“अन खरं लिहलं तर?”

“तपासतील.”

“किती दिवस?”

ते मला ठाऊक नव्हते. तिने ते माझ्या तोंडावरून ओळखले.

“माझ्या अश्वजितले मालूम नाई, रुचिताले मालूम नाई. आता म्हातारपनी सांगू का, बाबू, तुही माय टीबीवाली होती? अन बाई, खोट्याचं तुमी तर बोलूच नका. पयलं खोटं कोनाच्या तोंडचं हाये?”

त्या दिवशी मी चिडले ते बरेचसे यामुळेच.

१९९६ ची वही काढली. २२ जानेवारीच्या पानावर लिहिले आहे: “मालनला क्षय. सासूला कळले तर आसगावला पाठवून देईल, ठेकेदार तिच्या विड्या घेणार नाही. धाकटी तीन वर्षांची.” त्या काळी औषध सरकारी दवाखान्यातून महिन्या-महिन्याचे मिळे, आणि कोणी न्यायला आले नाही तर दवाखाना घरी पोस्टकार्ड टाकी. पोस्टकार्ड म्हणजे पोस्टमन वाचणार, शेजारीण वाचणार, आणि ज्याला वाचता येते त्याच्याकडून सासू वाचून घेणार. म्हणून खिडकीवरच्या कारकुनाने नाव-पत्ता विचारला तेव्हा मी पुढे होऊन माझे सांगितले. नलिनी गिऱ्हेपुंजे, वय, घर क्रमांक, सगळे. त्याने मान वर केली नाही. पिवळे कार्ड माझ्या नावाने तयार झाले. औषधे माझ्या फडताळात राहिली. मालनबाई रोज सकाळी भांडी घासायला म्हणून यायची, माझ्यासमोर गोळ्या घ्यायची, आणि मी वहीच्या समासात बरोबरची खूण करायची. वर्षभर. खुणा तीनशे अठ्ठावन्न. सात दिवस ती आली नाही, त्याची कारणेही लिहिली आहेत. त्यातली दोन मला आजही पटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालनबाईने स्वतःच अश्वजितला सांगितले. कसे सांगितले ते मला माहीत नाही; ‘तीन वर्षं दार बंद’ हे मात्र तिच्या डोक्यात बसले असावे. तो माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “मॅडम, मायचा तो पितळी पेला. आमाले हात लावू देत नव्हती. मले वाटे, तिले आमचीच घाण वाटते.” मग ड्युटीवर गेला.

रुचिताला फोन माझ्यासमोर लावला. मालनबाईने एका दमात सांगून टाकले आणि पुढे बोलायचे नाही म्हणून फोन माझ्याकडे ढकलला. मी तो तिच्या हातात परत दिला.

“म्हणून तू मले आजीजवळ झोपवत होती?” रुचिताने विचारले.

“मग कोनाजवळ झोपवू?” मालनबाई तिच्यावरच खेकसली, आणि पदर तोंडाला लावून मोरीकडे गेली. फोन चालूच राहिला. तो मीच बंद केला.

पिंटूने आमच्यासमोर ‘येस’ भरले. भरताना तो दोनदा म्हणाला, “पाहा बरं, आजी, मागून माझ्यावर येऊ नका.”

मग अपेक्षेप्रमाणे व्हिसा कचेरीचे पत्र आले: नागपूरला अमुक दवाखान्यात तपासणी करा, जुने कागद आणा. २३ डिसेंबरला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीण तरुण होती, नीटनेटकी, माझ्या विद्यार्थिनींत शोभेल अशी. एक्स-रेत डाव्या बाजूला वर पांढरा डाग स्पष्ट होता. “ट्रीटमेंटचे कागद?” तिने हात पुढे केला. मी पिवळे कार्ड दिले.

“हे मालनबाईंचे नाही. नलिनी गिऱ्हेपुंजे कोण?”

“मी.”

“म्हणजे टीबी तुम्हाला होता?”

“नाही. हिला.”

“मग ह्यांचं कार्ड?”

“तेच हे.”

तिने पेन खाली ठेवले. “आजी, मी पुढे काय लिहू?”

“मी सांगतो,” मालनबाई म्हणाली. “गोया मी खाल्ल्या, कागद बाईनं खाल्ला.”

डॉक्टरीण हसली. मला हसू आले नाही. मग मी वही उघडली आणि समासातल्या खुणा पानोपान दाखवल्या. तिने चार-पाच पाने वाचली. एका पानावर “मालनला आज उलटी, अर्ध्या तासाने पुन्हा गोळी” असे होते, तिथे ती थांबली. म्हणाली, पानांच्या झेरॉक्स आणि तुमचे प्रतिज्ञापत्र जोडा; पण थुंकीची तपासणी करावीच लागेल, आणि तिचा निकाल आठ आठवड्यांनी.

आठ आठवडे. मालनबाईने बोटांवर मोजले. परतीच्या गाडीत भंडाऱ्याअलीकडचे शहापूर येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा तेच मोजत राहिली. तिथे म्हणाली, “पिंटूचं आयकलं असतं तर तिकीट हाती असतं.”

प्रतिज्ञापत्र करायला गेले तर वकील म्हणे, “कशाला लिहून देता, तुमच्यावरच शेकेल.” कार्डाला नोंदवहीचा आधार मिळावा म्हणून दवाखान्यात गेले, तर तिथला कारकून म्हणे, इतके जुने दप्तर सापडणार नाही. मी दोन दिवस बाकावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सापडले. अनुक्रमांक, नाव, पत्ता, सगळे माझे. त्याची नक्कल घेऊन मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शपथेवर लिहून दिले की सरकारी कागदावर मी खोटे नाव सांगितले.

११ फेब्रुवारीला रुचिताला मुलगी झाली. शेजारची एक पंजाबी बाई तिच्याबरोबर दवाखान्यात होती. मालनबाईने गल्लीत पेढे वाटले, आणि माझ्या घरी पाठवले ते अश्वजितच्या हाती. स्वतः आली नाही. महिनाभर तिने माझ्या दारावरून जाताना मान वळवली नाही. मीही हाक मारली नाही. कोणाचे बरोबर होते हे मला ठाऊक होते, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

निकाल स्वच्छ आला. १९ मार्चला व्हिसा आला. त्या संध्याकाळी ती आली, कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “वाचा. कोनाच्या नावाचा हाये ते पयले पाहा.” मी तिचे नाव दोनदा वाचून दाखवले. ऑस्ट्रेलियाला निघताना ती तो पितळी पेला माझ्या फडताळात ठेवून गेली. तिकडे पोरीजवळ ही जुनी आठवण नको, असे काहीतरी पुटपुटली.

इथे हे संपायला हवे होते. पण मे महिन्यात एका सकाळी दार वाजले. आरोग्य विभागाची अंजू होती, हातात यादी आणि प्लास्टिकची छोटी डबी.

“नलिनीबाई गिऱ्हेपुंजे तुमीच ना? ज्यांना पहिले टीबी होऊन गेला त्यांची तपासणी सुरू आहे. तुमचं नाव जुन्या रजिस्टरात निघालं.”

“ते मीच काढायला लावलं होतं.”

“हो का? मंग बरंच झालं. खोकला आहे का, आजी?”

मी तिला बसवले आणि पहिल्यापासून सांगू लागले. पोस्टकार्डापर्यंत आले तेव्हा तिने घड्याळ पाहिले. “आजी, यादीत नाव आहे ना. मले रकाना भरा लागते. होता, का नव्हता?”

तेवढ्यात फोन वाजला. मालनबाईचा, चेहरा दिसणारा. नात तिच्या खांद्यावर झोपली होती; बाळाचे तोंड तिच्या मानेत खुपसलेले, आणि मालनबाईचा हात तिच्या पाठीवर. मी रागाने तिला सगळे सांगितले, आणि फोन फिरवून अंजू आणि तिची डबी दाखवली.

मालनबाई हसली, पण पोर उठू नये म्हणून आवाज न करता, सगळे अंग हलवत.

“द्या बाई, डबीत थुंकून,” ती हळूच म्हणाली. “आठ हप्ते तर लागतेत.”

मी अंजूला म्हटले, “नव्हता, असं लिही.” आणि १९९६ ची वही आणायला आत गेले.