पाटलाचा आवाज

“अजून वाका. मानेतून नको, कमरेतून. हां! आता म्हणा, जोहार मायबाप!”

मॅनेजर माझ्या पोराच्या वयाचा. डोळ्यांवर काळा चष्मा. तिकीट फाडणाऱ्या पोरी शेजारी उभ्या राहून हसू दाबत होत्या. मी वाकलो. म्हटलं. तो खूश.

“परफेक्ट! ह्यांच्या रक्तातच आहे बघा.”

रक्तातच आहे. पन्नाशी ओलांडलेला मी, मान खाली, समोर त्याचे पांढरे बूट.

कोल्हापूरच्या बाहेर हायवेला लागून हे मोठं थीम पार्क झालं, तेव्हा अख्खा जिल्हा लोटला. काय नव्हतं तिथं! चाच्यांचं जहाज होतं. समुद्र बघायचा तर घाट उतरून जायला लागतं ती गोष्ट वेगळी. बर्फाची खोली होती. आत आमची माणसं भाड्याचे कोट घालून कुडकुडायची आणि बाहेर आल्यावर गरम भजीच्या गाड्यावर तुटून पडायची. मग डायनासोरचं जंगल. तिथला थोरला डायनासोर मान फिरवता फिरवता अडकायचा आणि एकाच बाईकडं टक लावून बघत बसायचा. तिचा नवरा रागानं लाल. आणि सगळ्यात शेवटी ‘आपलं गाव’. सारवल्यासारखा रंग दिलेल्या भिंती, फायबरची विहीर, खऱ्या बैलांची गाडी आणि तिच्यातून मिरवणारा पाटील.

मी पाटील व्हायलाच गेलो होतो. जत्रेतल्या नाटकांत मी राजा झालोय, दरोडेखोर झालोय. एकदा नटी आजारी पडली म्हणून राणीसुद्धा झालोय, मिशीसकट. माझा आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला कळत नाही. मी संवाद म्हटला तसा मॅनेजरचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

“वा! आडनाव काय म्हणालात?”

सांगितलं.

“गावात घर कुठल्या बाजूला?”

तेही सांगितलं.

“तुमच्यासाठी खास रोल आहे. वेशीवरचा येसकर.”

घुंगरांची काठी, खांद्यावर घोंगडं, येईल त्याला वाकून जोहार. पूर्वी आमच्या जातीच्या माणसानं गावाच्या वेशीत असंच उभं राहायचं. माझ्या आज्यानं तो शब्द तोंडातून काढून टाकला. जयभीम म्हणू लागला आणि त्यापायी मार खाल्ला. हे मला ठाऊक होतं. पण मी काम करत होतो ती सूतगिरणी बंद पडलेली. ह्या वयात दुसरं कोण ठेवणार? उभा राहिलो.

पाटील झाला एक उंच, गोरा, देखणा गडी. चिकटवलेली मिशी झकास. तोंड उघडलं की मात्र मांजराचं पिल्लू. मॅनेजरनं मला आवाजाच्या खोलीत नेलं. “काका, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करू. तो नुसते ओठ हलवेल.”

मी हरखलो. माईकसमोर छाती काढून गरजलो, “ए! पाटील आलाय! वाट सोडा!”

तेव्हापासून प्रत्येक फेरीला गाडीतल्या भोंग्यातून माझा आवाज यायचा आणि वेशीत मी वाकायचो. मीच दरडावणारा, मीच दबणारा. दोस्तांना हे नकलेसकट सांगायचो. डबल रोल म्हणायचो. हसून हसून त्यांची पोटं दुखायची. माझंही दुखायचं. ते हसून नव्हतं.

मग एकदा मलकापूरकडून बचत गटाच्या बायकांची गाडी आली. तिच्यात माझी आत्ती, वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी पार केलेली. ‘पार्कात कलाकार हाय’ एवढंच मी तिला सांगितलेलं. लांबूनच तिचा आवाज आला, “अगं बया, त्या जहाजात आतडी गळ्यात आली की माझी!” बायका खिदळत वेशीकडं येत होत्या. आत्तीचं नवं लुगडं, नव्या चपला. मी घोंगडं तोंडावर ओढलं.

तेवढ्यात तिच्या पाठीमागून बैलगाडी आली. आणि भोंगा.

“ए! पाटील आलाय! वाट सोडा!”

बाकीच्या बायकांनी मोबाईल काढले. आत्तीनं पायातल्या चपला काढल्या. हातात घेतल्या. वाट सोडून फुलांच्या वाफ्यात उतरली. अंग चोरून, मान खाली. गाडी पुढं जाईपर्यंत हलली नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही पण खेळातलीच. कुणीतरी बाई म्हणाली, “अय्या, किती ओरिजिनल!”

मी काठी टाकून धावलो. “आत्ती!”

तिनं मला बघितलं. घोंगडं बघितलं. “तू व्हय रं? आन् त्यो आवाज?”

“माझाच हाय.”

तिनं लांब गेलेल्या गाडीकडं बघितलं. मग म्हणाली, “तुझ्या आज्याला पाटील अस्साच हाळी द्यायचा. मी ल्हान हुते. पाय आपसूक गेलं बघ.”

चपला हातातच. घालायचं तिला सुचेना. मी खाली बसलो आणि तिच्या पायात घातल्या.

मॅनेजर पळत आला. “आजी ओळखीच्या आहेत? जबरदस्त! दर रविवारी येतील का, विचारा ना.”

मी उठलो. सरळ उभा राहिलो. “न्हाय येणार. मी बी न्हाय येणार. माझा आवाज तेवढा पुसा.”

तो हसला. वाईट नव्हता, हेच अवघड. “काका, चिडू नका. आवाज आता कंपनीचा आहे.”

घोंगडं त्याच्या हातात दिलं आणि आत्तीला घेऊन बाहेर पडलो. आवाज आतच राहिला. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, सोडून द्या. कुणीतरी टाकलेला व्हिडिओ शेजारच्या पोरानं मोबाईलवर दाखवला: वाफ्यात उभी आत्ती, खाली लोकांनी टाकलेले हसणारे चेहरे. आत्ती परत कुठल्याच सहलीला गेली नाही. मी घरात बसलेलो असतो आणि मला माहीत असतं, आत्ता गाडी निघाली असेल. आत्ता मी कुणाला तरी दरडावत असेन. मला स्वतःला गप्प करता येत नाही.

येत्या रविवारी मी तिकीट काढून आत जाणार आहे. इस्त्रीचा सदरा घालून. गाडी येईल. माझाच आवाज माझ्या अंगावर येईल. मी वाटेच्या मधोमध उभा राहणार. ते उचलून बाहेर टाकतील, तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

वाट सोडणार नाही.