कांद्याच्या कारखान्यात स्ट्रॅटेजी

कारखाना म्हणलं की भंगार साठतं. आमच्याकडं किस्से साठले. ते भंगारवालाबी नेत नाय, म्हणून तुमच्यापुढं टाकतो.

विंचूरला माझा आन चुलतभाऊ सुदामचा कांदा वाळवायचा कारखाना हाय. कांदा कापायचा, सुकवायचा, गोण्या भरायच्या. सगळा माल मुंबईची एकच मसाला कंपनी घेती. ती गेली की आमच्या दाराला कुलूप! सुदामला ह्याच्यापायी झोप नाय. एक दिवस म्हणला, "दादा, आपल्याला स्ट्रॅटेजी पाहिजे."

मी म्हणलो, "कुठं मिळती? पिकअप पाठवतो!"

*

त्यानं नाशिकहून धंद्याची स्ट्रॅटेजी शिकवणारे एक सर आणले. कडक इस्त्री, गोड बोलणं. पहिल्याच दिवशी मला इचारलं, "बाप्पूसाहेब, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"मशीनपाशी. तुम्ही सोडलं तर आत्ताबी तिथंच जातो!"

*

मग सरांनी फळ्यावर दोन खण पाडले. एकात कारखान्याची ताकद लिहायची, दुसऱ्यात कमजोरी. सुदाम उठला आन कमजोरीत लिहिलं, 'बाप्पूदादाचं तोंड.'

माझं डोकंच फिरलं. असा बोंबललो, की गेटसमोर सकाळपासून आडवा लावलेला कुणाचा तरी टेम्पो गपचूप निघून गेला.

सरांनी खडू उचलला आन ताकदीच्या खणातबी तेच लिहिलं.

*

पुढं सर म्हणले, "आपल्या स्पर्धकाचा अभ्यास करा." आमचा स्पर्धक म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचे नाना. त्यांचाबी कांदाच. आम्ही चोरासारखं कशाला जाऊ? सरळ दारातून गेलो. नानांनी चहा पाजला, भट्टी दाखवली, नवीन मशीनबी दाखवलं.

निघालो तर नाना म्हणले, "थांबा की जरा. आमचे सर येतीलच आता."

गेटातून आत आले, ते आमचेच सर!

*

दुसरं गिऱ्हाईक शोधायचं काम माझ्याकडं हुतं. पुण्याचा एक हॉटेलवाला सारखा नमुना मागायचा. पाठवला, परत मागितला. परत पाठवला, परत मागितला. शेवटी मी फोनवरच वरडलो, "नमुन्यावरच हॉटेल चालवतो का रे?"

सुदामनं कारखान्याच्या मोबाईलवर पट्टी चिकटवली, 'दादानं उचलू नये.'

बरं, नाय उचलत! दुसऱ्या दिवशी दुपारभर मोबाईल बोंबलत हुता. मी हात लावला नाय. संध्याकाळी सुदाम निफाडकडून गाडी ढकलत आला. पंक्चर झालेली. फोन तोच करत हुता!

*

आन ह्या हंगामातला सगळ्यात भारी.

कानावर आलं, मुंबईची कंपनी आपली ऑर्डर गुजरातेत हलवायच्या इचारात हाय. त्यांचे साहेब स्वतः येणार. सुदामनं जेवण सोडलं. सर म्हणले, "घाबरू नका. साहेबांना वाटलं पाहिजे, की तुमच्या मालाला दुसरंही गिऱ्हाईक आहे."

आता ते कुठून आणायचं? गोण्याबी कंपनीच्याच येतात, वर भली मोठी लाल मिरची छापलेली. सुदामनं डोकं लढवलं. बऱ्याच गोण्या आतली बाजू बाहेर काढून भरल्या. पांढऱ्याफेक! मिरची गायब.

साहेब आले. माल बघितला, हुंगला, चावून बघितला. पांढऱ्या ढिगापाशी थांबले. "हा कुणाचा माल?"

"हाय एक पार्टी," सुदाम म्हणला. "मोठी हाय."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं बुवा! मला सांगायला फार जड जात होतं. पुढच्या हंगामापासून आम्ही गुजरातचा माल घ्यायचं म्हणतोय. आता तुमचं काही अडत नाही."

सुदाम त्या गोण्यांसारखाच पांढरा पडला. मला वरडायचं हुतं, पर काय वरडू?

तेवढ्यात गोण्या शिवणाऱ्या लंकामावशी सुई खोचत पुढं आल्या. "सुदामभाऊ, साहेबांचं बघून झालं ना? मग ह्या रिकाम्या करून परत सुलट भरू का? आज सुरू केलं तर उद्यापर्यंत उरकंल."

साहेबांनी एका गोणीची शिवण उसवली, तोंड जरासं दुमडलं. आतून लाल मिरची दिसली. त्यांनी सुदामकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत मिरचीकडं, लय येळ.

"भरा मावशी," साहेब म्हणले. "सगळ्या सुलट भरा. पुढच्या हंगामातल्याही."