पाट्यांची पूजा

आमच्या हुबळीच्या मराठी शाळेत दहा वाचनयंत्रं आली, त्या दिवशी ग्रंथपाल म्हणून माझा सत्कार झाला आणि त्याच बैठकीत माझं मराठी पुस्तकांचं कपाट रद्दीत काढायचं ठरलं. दिवाळीपर्यंत मुलं यंत्रांवर रुळली तर, एवढी एकच अट. देणगीदार परदेशातले माजी विद्यार्थी. शाळेत असताना त्यांनी वाचनालयात पाऊल टाकलेलं मला आठवत नाही, पण धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.

मुलं यंत्रांना पाट्या म्हणायची. मी त्या कुलपात ठेवायची, आठवड्यातून एकच तास द्यायची, तेही हात धुऊन आल्यावर. मुलं रुळू नयेत म्हणून हे चाललंय, असं मुख्याध्यापकबाई म्हणाल्या. तसं नव्हतं. थोडं होतं.

जाड चष्म्याची सातवीतली एक मुलगी मात्र दर तासाला पहिली हजर. एका ओळीत दोनच शब्द मावतील एवढी अक्षरं फुगवून वाचायची. मला तो पोरखेळ वाटायचा.

खंडेनवमी आली. गोकुळ रोडवर लेथपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना हार पडतात, मग आमच्या यंत्रांनी काय घोडं मारलंय, असं मीच म्हणाले. बाईंनाही पटलं. दहाही पाट्या परातीत ओळीनं उभ्या करून भिंतीला टेकवल्या. हळदकुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं, नारळ फोडला. सगळं पाणी परातीत उतरलं, आणि चार्जिंगची भोकं नेमकी खालच्या कडेला! देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं. सुटीनंतर एकही पाटी चार्ज होईना. देशपांडे नगरातल्या दुरुस्तीवाल्यानं भोकात डोकावून पाहिलं. "इदेनरी अक्कोरे, कुंकू?" हे काय बाई, असं कानडीत म्हणाला आणि हात जोडले.

शाळा समितीनं यंत्रं परत पाठवायचं ठरवलं. कपाट वाचलं. त्या संध्याकाळी मी घरी शिरा केला. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. तिची गोष्ट अर्धी राहिली होती. मी मोठ्या ऐटीत तेच पुस्तक कपाटातून काढून दिलं. तिनं ते उघडलं, नाकाजवळ नेलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि मिटून परत केलं.

"लई बारीक हैत अक्षरं, अक्कोरे. पाटीत मोठी करता येत होती."

आधीची दोन वर्षं ही माझ्यासमोर नुसती चित्रं चाळत बसायची. वाचनाची गोडी नाही म्हणून मी तिला चारचौघांत बोललेही होते. मला माझी लाज वाटली.

पाट्या खोक्यात भरल्या होत्या. मी एक बाहेर काढली, पदराची पिन उघडली आणि भोकातलं वाळलेलं कुंकू उकरायला बसले. पिन फिरवायची, फुंकर मारायची, वायर लावून पाहायची. समोरच कपाट होतं. एक पाटी सुरू झाली की बाकीच्याही होणार आणि कपाट जाणार, हे मला कळत होतं. मधल्या सुटीची घंटा झाली, तरी मुलगी जागची हलली नाही.

चौथ्या पाटीवर दिवा लागला.

"बंतु अक्कोरे, बंतु!" आला, आला म्हणून ती ओरडली.

"कळलं. गप वाच आता," मी म्हटलं आणि पाचवी पाटी मांडीवर घेतली.