चपलांचा अकरावा जोड

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि ते पार पडलं की बाबा कायमचे इस्रायलला जाणार होते. थोरला भाऊ आधीच गेला होता. मी येणार नाही असं सांगितल्यापासून बापलेकीचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. त्याच दिवसांत, साठ सालानंतर कधीतरी, चौलजवळ चित्रकारांचं शिबिर भरलं.

मुंबईच्या एका श्रीमंत बाईंचा तिथे नारळी-पोफळीच्या वाडीत बंगला होता. त्यांनी देशोदेशीचे कलावंत महिनाभर राहायला बोलावले होते, आणि मुंबईत चित्रकला शिकलेली जवळच्या गावची मुलगी म्हणून मलाही. काम एकच: आपण कोण, ते दाखवायचं. बाई हे इतक्या गंभीरपणे सांगत की मला हसू दाबावं लागे. बाकीचे भराभर कामाला लागले, माझा कॅनव्हास कोराच. मी काय दाखवणार? भाषा मराठी, धर्म यहुदी, आई जन्मभर नऊवारीत. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गावाला आम्ही शनिवार तेली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

पहिल्या संध्याकाळी जेवताना बाईंनी 'ही इथली ज्यू' अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा युरोपातून आलेल्या एका शिल्पकाराने मान वर केली. पन्नाशीचा, अबोल माणूस.

"इथे? कधीपासून?"

"आमच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं तेव्हापासून. दोन हजार वर्षं झाली म्हणतात."

"मीही ज्यू होतो," तो म्हणाला आणि पुन्हा ताटात बघू लागला. त्याच्या घरचं महायुद्धात कुणीच वाचलं नाही, हे बाईंनी मला नंतर सांगितलं.

आईच्या वर्षाला कद्दिश म्हणायचं होतं. गेलेल्या माणसासाठी म्हणायची ती प्रार्थना, आणि तिला दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तर ती म्हणता येत नाही. पूर्वी आमच्या मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, आम्ही त्याला मशीदच म्हणतो, सणाला उभं राहायला जागा नसे. आता एकेका घराला कुलूप लागत होतं. बाबा आठवडाभर रेवदंडा, चौल, नागाव पायी फिरले आणि एका दुपारी येऊन ओट्यावर बसले.

"नऊच व्हतात गो. तुझ्या आयेला तसंच ठेवून जावं लागतंय."

"मी आहे ना."

"बाईमाणूस धरीत न्हाईत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटच्या आजारात आईचं सगळं मी केलं होतं, आणि मीच धरत नाही! पण भांडून दहावा माणूस मिळणार नव्हता. मी चप्पल घातली आणि तडक बंगल्यावर गेले.

शिल्पकार दगडापाशी बसला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझा आता देवावर विश्वास नाही."

"विश्वास नकोय. माणूस हवाय."

तो छिन्नी उचलून पुन्हा दगडाकडे वळला. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

आईच्या वर्षाच्या संध्याकाळी बाबा नऊ जणांत उभे राहून दाराकडे बघत होते. मी मागे, बायकांच्या जागी. अंधारून आलं तेव्हा तो आला. बूट काढून चपलांशेजारी ठेवले, कुणीतरी दिलेली टोपी डोक्यावर चढवली आणि भिंतीशी उभा राहिला.

बाबांनी कद्दिश सुरू केलं आणि मध्येच ते अडखळून थांबले. पुढचे शब्द त्याने उचलले. उच्चार वेगळे, शब्द तेच. बाबा सावरले, दोघांनी मिळून ते पुरं केलं. बाहेर पडल्यावर तो मला म्हणाला, "माझ्या घरच्यांसाठी मी हे कधीच म्हटलं नव्हतं. आज म्हटलं." 

दुसऱ्या दिवशी माझा कॅनव्हास भरू लागला. मशिदीची पायरी, नऊ जोड वहाणा, एक जोड धुळीचे बूट. सगळ्यात शेवटी, थोड्या अंतरावर, माझ्या चपला.

शिबिराच्या अखेरच्या दिवशी गावकरी चित्रं बघायला आले, बाबाही आले. त्यांनी बोट फिरवत जोड मोजले आणि अकराव्यावर बोट थांबलं.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्या."

त्यांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "ह्या सगळ्यांच्या आधी काढायच्या व्हत्यास."

पुढच्या आठवड्यात रेवसच्या धक्क्यावर मी त्यांना लाँचमध्ये बसवून दिलं. मग मात्र पोटभर रडले.

पुढच्या वर्षी आईच्या दिवशी मशिदीत चारच पुरुष जमले. मी चपला पायरीवर काढल्या, पुढे जाऊन बाबांच्या जागी उभी राहिले आणि कद्दिश म्हटलं. त्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौघांनीही आमेन म्हटलं.