व्याह्यांची काळी खिडकी

बारामतीपासून इंदापूरपर्यंत जेवढे म्हणून कॉम्प्युटर आहेत, ते सगळे आमच्या व्याह्यांना घाबरून असतात असं माझं ठाम मत आहे. माणसं घाबरत नाहीत, कारण व्याही स्वभावाने लोण्यासारखे. पण ते वरकुट्याहून एसटीने आमच्या जळोचीच्या घरी आले आणि धोतर सावरत खुर्चीवर टेकले, की एरवी चहा होईपर्यंत जागं न होणारं माझं यंत्र खडबडून उठतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. तिथल्या कॉम्प्युटरवर चित्रंबित्रं नव्हती, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. पुढे जग रंगीत झालं, व्याही काळ्यावरच राहिले. आल्या आल्या ते माउस उचलून फडताळात ठेवतात, पडद्यावर एक काळी खिडकी उघडतात आणि टाइप करू लागतात. "आबा, नुसतं क्लिक केलं तरी होतंय की," असं मी एकदा म्हणून पाहिलं. "पाव्हणं," ते म्हणाले, "बोट दाखवून काम सांगायला आपुन मुकं हाय का? वाचा दिलीया तर बोलून सांगावं."

बरं, बोलणंही रीतीचं. कुठल्याही दुरुस्तीआधी ते पिंग लावणार, म्हणजे पलीकडचं यंत्र जागं आहे का हे विचारणारी आज्ञा. "आदी बांधावरनं हाक मारायची. ओ आली तर फुडं जायचं, न्हाय आली तर वायर बघायची." इंटरनेट रेंगाळलं तर यंत्राने साठवलेले जुने पत्ते विसरायला लावणारी एक आज्ञा आहे, ती ते फार मायेने देतात. "गाव सोडून गेलेल्यांचं पत्तं धरून बसलंय बिचारं. इसरू दे." डिस्क तपासायची चेकडिस्क लावली की आमच्या घरात सोवळं सुरू होतं. मिक्सर बंद, दार आपटायचं नाही, आणि बायकोने खोबरं खवायचं ते अंगणात जाऊन.

अडकलेला प्रोग्राम बंद करायची आज्ञा म्हणजे टास्ककिल. ती ते एकादशीला देत नाहीत. आमच्या सोसायटीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं असतानाच अडकला, तो नेमका एकादशीला. व्याही घरातच होते. "आबा, एवढं मारून टाका," मी गयावया केली. "किल म्हंजे किलच. बारस सोडू द्या, मग बघू." दुसऱ्या दिवशी आंघोळ, नैवेद्य, जेवण उरकून त्यांनी ते काम केलं. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याने माझ्या पडजिभेचं दर्शन घेतलं. शटडाउन हा शब्दही त्यांना भरल्या घरात अभद्र वाटतो. आपण कुणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणतो का? म्हणून त्यांनी 'येतो' नावाची एक छोटी फाइल करून दिली आहे. काळ्या खिडकीत 'येतो' लिहायचं, की यंत्र बंद होतं.

असा माणूस आपल्या नातीवर जीव टाकणार हे ओघानेच आलं. नात आमची दोघांची. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी कॅनडात असतात. बारसं मात्र इथे झालं, आणि त्याचे फोटो फक्त माझ्या कॉम्प्युटरवर उरले, कारण मुलीचा फोन तिकडे एका तळ्यात पडला. माझी बायको रोज दिवेलागणीनंतर ते फोटो बघत बसायची. एका संध्याकाळी ते नव्हते. अख्खं फोल्डर गायब. मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळं धुंडाळलं. बायकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आबा सकाळी येऊन गेलेत. त्यांना विचारा."

विचारा म्हणणं सोपं असतं. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला 'फोटो तुम्ही पुसलेत का' हे कुठल्या तोंडाने विचारायचं? आमच्याकडे लग्नात उपरण्याचा रंग चुकला तर दोन दिवाळ्या अबोला चालतो. तरी दुसऱ्या दिवशी मी खाऊचा पुडा घेऊन वरकुटे गाठलं. ऊसतोड झाली, कॅनॉलचं पाणी झालं, त्यांचा गुडघा झाला, चहा दोनदा झाला. शेवटी मी म्हणालो, "आबा, छकुलीचा एखादा फोटो फ्रेम करावा म्हणतोय. सापडत नाहीत."

"सापडत्याल कसं? मी झाकून ठेवल्यात." ते शांतपणे पान लावत होते. "तुमच्या शेजारनीनं फोटो बघून किती गुटगुटीत म्हणलं, आन् दुसऱ्या दिशी पोरीला तिकडं ताप. मीठ-मिरच्या ओवाळायच्या तर मशिनीत खडं जात्याल. म्हणून फोल्डर लपवायची आज्ञा दिली. हाय तितंच हाय, दिसत न्हाय एवढंच."

"पण आबा, आम्हालाही दिसत नाही."

"व्हय. मायेच्या मान्साची नजर तर आदी लागती."

मग मी बायकोने काढून ठेवलेल्या चष्म्याचं सांगितलं. पान तसंच तबकात ठेवून त्यांनी टोपी घातली आणि माझ्याबरोबर त्याच पावली निघाले. जळोचीत आल्यावर अट एकच घातली. बायकोने मॉनिटरच्या कोपऱ्यात काजळाची तीट लावली, तेव्हा कुठे त्यांनी आज्ञा उलटी फिरवली आणि छकुली पाळण्यातून आमच्याकडे बघू लागली. बायको रडली. व्याही उगाच वायरी तपासत राहिले.

पुढे गुडघा फारच बोलू लागला आणि मुलाने त्यांना कॅनडाला नेलं. निघायच्या दिवशी ते आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले, काळी खिडकी उघडली आणि 'येतो' लिहिलं. यंत्र बंद झालं. ते मात्र बराच वेळ उठले नाहीत.

जावयाने तिथल्या त्यांच्या कॉम्प्युटरला एक पत्ता लावून दिला आहे. दिवेलागणीला मी माउस फडताळात ठेवतो आणि पिंग लावतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. फोन केला की त्यांना काय बोलावं सुचत नाही, मलाही नाही. हाक जाते, ओ येते. स्वयंपाकघरातून बायको विचारते, "काय म्हणतात?"

काजळाचा ठिपका आम्ही अजून पुसलेला नाही. त्याच्याकडे बघत मी सांगतो, "काही नाही. आहेत."