सीताफळ, उद्या तयार

आता हा मूर्खपणा स्वतःच्याच तोंडाने कसा सांगू तुम्हाला? पण सांगतो. नाहीतर आमच्या मुलुंडच्या सोसायटीतलं कोणीतरी सांगेलच, आणि तेही तिखटमीठ लावून! त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या आधी.

तर मला फोटोंचा नाद. माणसांच्या नाही हो, फळांच्या! माणसं कॅमेरा दिसला की पोट आत घेतात, फळांचं तसं नसतं. आमच्या बिल्डिंगच्या मागे म्हणाल तर बाग आहे, म्हणाल तर जंगल. तिथे फेब्रुवारीत तुती काळीभोर होते, मे महिन्यात आंबे, जूनमध्ये जांभळं. पपई तर मनाला येईल तेव्हा पिकते. मी ठरवलं, वर्षभर पिकलेल्या फळांचे फोटो काढायचे आणि सोसायटीचं नवं कॅलेंडर त्यातूनच करायचं. आणि खाली छापलेलं माझं नाव! वीस वर्षं ऑफिसात घासतोय, अजून टेबलावर साधी नावाची पाटी नाही. माणसाला काही हौस असते की नाही?

ऑफिसातून आलो की पिकायला आलेलं फळ शोधायचं, फोटो काढायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. खाली एक ओळ. "तुती, कुंपणाजवळ. उद्या तयार." "पपई, पंपाच्या खोलीमागे. उद्या तयार."

आणि दुसऱ्या दिवशी फळ गायब!

एकदा झालं, म्हटलं पाखरं असतील. दोनदा झालं, म्हटलं वटवाघूळ. पण वटवाघूळ पपई देठाशी इतकी स्वच्छ तोडतं होय? कोणीतरी माणूसच होता. हे सगळं मी घरी अण्णांना सांगायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. ते पूजा उरकून नैवेद्याचं ताट पुढे करत म्हणायचे, "कलियुग आहे बाबा. घे, प्रसाद घे." मी आधी ताटाचा फोटो काढायचो, मग प्रसाद खायचो. सकाळचा तिरपा उजेड, पितळेचं ताट, झकास फ्रेम यायची!

तरी इथवर सगळं मस्करीत चाललं होतं. मग आलं सीताफळ.

हे झाड गायकवाडकाकांचं. काका पोस्टातून रिटायर झालेले, मूळचे बीडकडचे. त्यांच्या आईने गावाकडे लावलेल्या झाडाचं बी आणून त्यांनी इथे रुजवलं होतं. सात वर्षं पाणी घातलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच फळ धरलं. मोजून एक! काका रोज त्याच्या खाली उभे राहून वर बघायचे. एका संध्याकाळी बघतो तर फळाचे डोळे छान उघडलेले, देठाजवळ एक गोल काळा डाग. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. "सीताफळ, काकांच्या झाडावर. उद्या तयार."

सकाळी काका झाडाखाली उभे, आणि वर नुसता देठ. मी तिथल्या तिथे ठरवलं, चोर पकडायचा.

माझा संशय तळमजल्याच्या सावंतकाकूंवर. त्यांची खिडकी बरोबर बागेकडे, आणि मुरंबे-लोणच्यांचा दांडगा उत्साह. मी ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांचे हात खिडकीतून फार लांबवर पोचतात." दोन मिनिटांत काकू आमच्या दारात! चिडल्या की त्या थेट मालवणीत शिरतात.

"माका चोर म्हणतंस? पुरावो दाखव!"

"दाखवतो ना! रविवारी, सगळ्यांसमोर!"

झालं. रविवारी मीटिंग. सगळे सोसायटीच्या ऑफिसात, अण्णा पहिल्या खुर्चीवर. मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि वकिली थाटात उभा राहिलो. "तारखेप्रमाणे बघा. कुठलं फळ कधी होतं आणि कधी गेलं." आणि सगळे फोटो ओळीने सुरू केले.

पडद्यावर कुंपणाजवळची तुती. पुढचा फोटो, देवासमोर वाटीभर तुती. कोणीतरी म्हणालं, "वा!"

मग पंपाच्या खोलीमागची पपई. त्यापुढे नैवेद्याच्या ताटात पपईच्या फोडी. आता कोणी वा म्हणेना.

जांभळं झाडावर. मग माझीच जांभळी जीभ, टीव्हीभर!

"थांब रे!" सावंतकाकू उठल्या. "पुढचा दाखव."

मी बंद करायला धडपडलो, पण घामेजलेल्या बोटाने ते कुठलं बंद होतंय? झाडावरचं सीताफळ आलं, काळ्या डागासकट. मग ताटातलं सीताफळ, त्याच काळ्या डागासकट. आणि शेवटी मी, हनुवटीपर्यंत गर माखलेला, डोळे मिटून, कृतार्थ.

"चोराच्या उलट्या बोंबा!" काकू कडाडल्या.

मी अण्णांकडे वळलो. "अण्णा! तुम्ही?"

"मग काय?" अण्णा अगदी शांत. "फुलं तोडायला नेतो ना, तीच आकडीची काठी. देवाला दाखवल्याशिवाय एक फळ तोंडात टाकलं नाही हो! फुलं चालतात, मग फळं का नाही?"

"अहो, पण बाजारातून आणायची ना!"

"तूच तर रोज कळवायचास! जागा लिहायचास, 'उद्या तयार' लिहायचास. मला वाटलं, अण्णांचे गुडघे दुखतात म्हणून पोरगा आधीच बघून ठेवतोय. मी तर चारचौघांत तुझं कौतुक करायचो!"

सगळे पोट धरून हसत होते. गायकवाडकाका तेवढे हसत नव्हते. ते माझ्याजवळ आले. मी मान खाली घातली.

"गोड होतं का रे?"

"खूप, काका."

"रवाळ?"

"एकदम रवाळ."

"आईच्या झाडाचं तसंच असायचं," काका म्हणाले आणि खुदकन हसले. "बिया कुठे टाकल्यास?"

बिया अण्णांनी तुळशीच्या कुंडीत टोचल्या होत्या. त्यातली तीन रोपं आता बागेत आहेत. पाणी घालायचं काम माझ्याकडे, आणि अण्णांची आकडी काकांकडे जमा!

आणि कॅलेंडर? छापलं की! फोटो निवडायचं काम कमिटीने एकमताने सावंतकाकूंना दिलं. ऑक्टोबर आला तसा आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात मी टांगलेला आहे, हनुवटीपर्यंत सीताफळ माखलेला. नाव छापून यावं अशी हौस होती ना? तेही आलंय, चांगलं ठळक अक्षरांत.

"सुहास, मुद्देमालासह."