उताराचे पाच मैल

वेंडेल स्लोन आमच्या केंटकीच्या डोंगरात शेरिफचा डेप्युटी होता. अपघात झाला की रस्त्यावरचे चाकांचे काळे पट्टे मोजून गाडीचा वेग काढायचा, हे काम त्याचं. टेपचं दुसरं टोक धरायला मी. पट्ट्याची लांबी, रस्त्याची पकड, चढ असेल तर अधिक, उतार असेल तर वजा, मग वर्गमूळ. पठ्ठ्याचं गणित कधी चुकत नाही, असा त्याचा दबदबा होता, आणि त्याला तो आवडायचाही.

शाळेची बस चालवणारी व्हर्ना कोम्ब्स एकदा स्वतःच्या गाडीने घाट उतरत होती. पत्रपेटीकडे निघालेला म्हातारा एमेट फ्युगेट आडवा आला आणि जागीच गेला. पट्टे भरले शंभर फूट. व्हर्ना सांगत होती, काटा त्रेचाळीसवर होता. वेंडेलचं उत्तर आलं अठ्ठेचाळीस. मर्यादा ताशी पंचेचाळीस मैलांची. तिची बसवरची नोकरी गेली. त्यानंतर तिने गाडीच चालवली नाही.

अकरा वर्षांनी, निवृत्तीच्या तोंडावर जुने कागद चाळताना त्याला तो हिशोब दिसला. आम्ही नेहमी गाडी थांबली तिथून मागे मोजत जातो. त्या दिवशी मोजत वर जाताना त्याला धाप लागली आणि त्याने लिहिलं चढ. गाडी तर उतरत आली होती. अधिकच्या जागी वजा केलं की उत्तर येतं त्रेचाळीस.

त्यानंतर तो रोज त्या उतारावर जाऊन वरखाली चालायचा. ब्रेकची किंकाळी ऐकू येते म्हणायचा. मी वैतागून म्हटलं, कागद जाळ आणि मासे धरायला चल. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. खाली सही माझीही होती.

शेवटी आम्ही दोघं गेलो. व्हर्ना ओसरीत शेंगा सोलत होती. वेंडेलने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मी त्रेचाळीसच बघितलं होतं," ती म्हणाली. "पण तू अठ्ठेचाळीस म्हणालास, आणि मलाही तेच दिसायला लागलं."

"माझंच चुकलं, व्हर्ना. मी शाळेच्या लोकांना लिहून देतो."

"बसचं राहू दे रे. मी जोरात होते म्हणून एमेट गेला, असं म्हणत मी अकरा वर्षं काढली. आता नीट चालवत होते तरी गेला, हे घेऊन कशी जगू, तेवढं सांग."